ऐंशी रकान्यांचा धाक : तुटलेल्या आउटपुटची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ झाला नाही त्यांच्यासाठी हा एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना राहून गेलेल्या दोन-चार गोष्टी इथे घातल्यात. कमांड्स मी तोंडाने जशा म्हणतो तशाच उतरवल्या आहेत. पीएस म्हणजे चालू प्रोसेस दाखवणारी पीएस, आणि डबल डब्ल्यू म्हणजे खरंच दोनदा डब्ल्यू.

आधी एक छोटं गणित. आपल्या शहराचं नाव रोमन लिपीत लिहा आणि अक्षरं मोजा. ‘औरंगाबाद’ला १० लागायची. जून २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने ‘संभाजीनगर’ हे नाव ठरवलं, त्याला १३. महिना व्हायच्या आत, जुलैमध्ये, नव्या मंत्रिमंडळाने पुढे ‘छत्रपती’ जोडलं आणि आकडा गेला २५ वर. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी आली आणि तेच कायम झालं. आता समजा, कुणीतरी कधीकाळी एका रिपोर्टमध्ये शहराच्या नावाला २० अक्षरांचा कॉलम दिला आहे. १० अक्षरांच्या गावाला २० म्हणजे दुप्पट जागा, भरपूर झाली असंच त्याला वाटलं असणार. त्यात नवं नाव टाका. ‘छत्रपती’ची ११, एक स्पेस, आणि उरलेल्या ८ अक्षरांत बरोब्बर ‘संभाजी’ बसतं. नगर गायब. छापून येतं ‘छत्रपती संभाजी’.

इथे मला थांबायचंय. हे आउटपुट तुटलेलं आहे, पण तुटलेलं दिसत नाही. ‘छत्रपती संभाज’ असं काही आलं असतं तर वाचणाऱ्याने लगेच विचारलं असतं, की हे काय झालंय. ‘छत्रपती संभाजी’ हे मात्र पूर्ण, अर्थाचं, आदराचं नाव आहे. वाचणारा पुढे जातो. स्क्रिप्ट तर जातेच जाते. सिस्टीम अ‍ॅडमिनचं काम करणाऱ्या माणसाचा खरा वैरी हा असा असतो: अर्धवट असून पूर्ण दिसणारा मजकूर.

तर आज त्या कापणाऱ्या कात्रीचा इतिहास. कुणी आणली, कुठून आली, आणि २०२५ मध्येही ती आपल्या सर्व्हरवर का फिरतेय.

शब्द कापायची सवय काही कॉम्प्युटरने आणलेली नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातली मोडी कागदपत्रं पाहिलीत तर कारकुनांनी जागोजागी शब्द तोडलेले दिसतात. मौजे लिहायचं तर ‘मौ॥’, परगणा लिहायचा तर ‘प॥’, मुक्कामाला ‘मु॥’. कागद महाग, हात दुखतोय, आणि तोच शब्द दिवसातून शंभरदा लिहायचा. पण त्या दोन उभ्या दंडांकडे बघा. कारकून नुसता शब्द तोडत नव्हता, तोडल्याची खूण करत होता. ‘प॥’ वाचणाऱ्याला कळतं की इथे पुढे काहीतरी होतं, ते मी भरून घ्यायचंय. पोस्टाच्या पाकिटावर आपण आजही मु. पो. ता. जि. लिहितो, तो टिंब त्याच घराण्यातला. वर्तमानपत्रं ‘छ. संभाजीनगर’ छापतात तेव्हाही टिंब देतात. मशीनने आपल्याकडून लांबी कमी करायची युक्ती घेतली, खूण मात्र पुष्कळदा घेतली नाही.

मशीनची बाजू सुरू होते अमेरिकेत. १८९० च्या जनगणनेसाठी हर्मन हॉलरिथने भोकं पाडलेली कार्डं आणि ती मोजणारं यंत्र वापरलं. पुढे त्याची कंपनी इतर कंपन्यांत विलीन होऊन आयबीएम झाली. १९२८ मध्ये आयबीएमने नवं कार्ड काढलं. आकार जुनाच, पण गोल भोकांऐवजी चौकोनी बारीक फटी, त्यामुळे ४५ च्या जागी ८० उभे रकाने बसले. एका रकान्यात एक अक्षर. झाले ८०. या आकड्यामागे भाषेचा, वाचनाचा, डोळ्यांचा काहीही अभ्यास नव्हता. पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर किती फटी मावतात, एवढाच हिशोब.

८० रकाने म्हणजे ८० अक्षरांत माणसाचं सगळं: नाव, पत्ता, खातं, तारीख, रक्कम. मग काटकसर आलीच. वर्षाचे चार आकडे कशाला, दोन लिहा. १९ तर सगळ्यांनाच माहितीय! या दोन वाचवलेल्या रकान्यांची किंमत जगाने १९९९ मध्ये मोजली, आणि मजा म्हणजे त्या बिलाचा बराच मोठा भाग भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांच्या खिशात आला. आमच्या पिढीतल्या कित्येकांच्या काका-मामांची पहिली अमेरिका वारी वायटूकेची. एका अर्थाने ट्रंकेटेड आउटपुट दुरुस्त करणं हा आपल्या आयटीचा पायाच आहे म्हणा ना.

कार्डाने आणखी एक वाईट सवय लावली. आयबीएम ७०४ या मशीनचा कार्ड वाचक ८० पैकी ७२ च रकाने वाचायचा, कारण त्याचा मेमरी शब्द ३६ बिटांचा आणि एका ओळीत तो असे दोन शब्द भरायचा. १९५७ मध्ये याच मशीनवर फोरट्रान आलं. त्यामुळे फोरट्रानच्या ओळीला ७२ ची मर्यादा पडली आणि उरलेले ८ रकाने कार्डाचा क्रमांक घालायला ठेवले. गठ्ठा हातातून पडला तर परत लावता यावा म्हणून. मशीन बदलली, मर्यादा राहिली. ७३ व्या रकान्यात चुकून तुमचा आकडा गेला तर कंपायलर तो वाचायचाच नाही. एरर नाही, इशारा नाही. हजाराचे शंभर झाले तरी प्रोग्राम गुमान चालायचा. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० आलं, त्यालाही प्रोग्राम कार्डांवरूनच दिले जायचे. तेव्हा हा ७२-८० चा धाक आपल्याकडेही पोचला होता, माझ्या आजोबांच्या तरुणपणीच.

मग आला टेलिटाइप, म्हणजे विजेवर चालणारा, तारेने जोडलेला टाइपरायटर. मॉडेल ३३ या १९६३ च्या यंत्राची ओळ ७२ अक्षरांची होती आणि ते ठक ठक करत सेकंदाला १० अक्षरं छापायचं. बेल लॅब्समध्ये युनिक्स जन्मलं ते अशा यंत्रांसमोर. एलएस, सीपी, एमव्ही, पीएस ही नावं एवढी आखूड का, याचं हे एक कारण. एकेक अक्षराला वेळ लागतो आणि कागद लागतो, तिथे माणूस बडबड करत नाही. पुढे काचेचे पडदे आले. आयबीएमचं ३२७०, मग डिजिटल कंपनीचं व्हीटी ५२, आणि १९७८ मध्ये व्हीटी १००. या पडद्यांवर ८० अक्षरांच्या २४ ओळी. ८० का? कार्ड ८० चं म्हणून. व्हीटी १०० ला एक रुंद मोडही होता, १३२ अक्षरांचा. १३२ का? तर मोठे लाइन प्रिंटर १३२ अक्षरांची ओळ छापायचे म्हणून. आज तुमच्या लॅपटॉपवर टर्मिनलची खिडकी उघडा. बहुतेक ठिकाणी ती ८० बाय २४ चीच उघडेल. ती व्हीटी १०० ची नक्कल आहे, जो कार्डाची नक्कल होता.

आता पीएस. लिनक्सवर तुम्ही पीएस मारता तेव्हा ती आधी विचारते, समोरचा पडदा किती रुंद आहे. जेवढा पडदा तेवढीच ओळ, बाकीची कापली. बीएसडीच्या पीएसला एक डब्ल्यू दिला तर ओळ १३२ ची होते, तोच प्रिंटरवाला आकडा. दोन दिले तर मर्यादा उठते. हा नियम पडद्यापुढे बसलेल्या माणसासाठी ठीक आहे. पण क्रॉनमधून स्क्रिप्ट चालते तेव्हा समोर पडदाच नसतो. मग रुंदी किती धरायची? लिनक्सच्या पीएसचं मॅन्युअल इथे प्रामाणिक आहे. ते म्हणतं, आउटपुट पाइपात किंवा फाइलमध्ये जात असेल आणि रुंदी कळत नसेल, तर ती अनिश्चित: ८० असेल, अमर्याद असेल, किंवा आणखी कशावरून तरी ठरेल. म्हणजे तीच स्क्रिप्ट तुम्ही हाताने चालवली की चालते आणि रात्री दोनला क्रॉनने चालवली की नाही. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ या वाक्याचं हे मूळ गोत्र.

सोलारिसवर तर आणखी खोल खड्डा होता. तिथे कर्नलच प्रोसेसच्या कमांडची पहिली ८० अक्षरं बाजूला लिहून ठेवायचा आणि नेहमीची पीएस तेवढीच दाखवायची. टर्मिनल कितीही रुंद करा, नाहीच. पूर्ण कमांड बघायला बीएसडी वळणाची दुसरी पीएस वेगळ्या डिरेक्टरीत ठेवलेली असायची. जावा आली तेव्हा याचा फार जाच झाला, कारण जावाची कमांड म्हणजे आधी भली लांब क्लासपाथ आणि प्रोग्रामचं खरं नाव पार शेवटी. पहिल्या ८० अक्षरांत सगळे जावा प्रोसेस जुळे भाऊ. लिनक्सलाही यावर हसायचा हक्क नाही. प्रॉक डिरेक्टरीतली कमांडलाइनची फाइल २०१५ मध्ये कर्नल ४.२ येईपर्यंत ४०९६ बाइटांवर तुटायची.

आणि युजरचं नाव. जुन्या युनिक्सने लॉगिन नावाला ८ अक्षरं दिली होती. आज नाव ३२ पर्यंत चालतं, पण पीएसचा तो कॉलम ८ चाच राहिला. नाव मोठं असेल तर काय करायचं? पूर्वी लिनक्सची पीएस नावाऐवजी सरळ युजरचा क्रमांक छापायची. पुढच्या आवृत्त्यांनी ७ अक्षरं आणि शेवटी अधिकचं चिन्ह द्यायला सुरुवात केली. हे साधं वाटतं ना? यावरून मला दोन रात्री जागावं लागलंय, तेव्हा थोडं सविस्तर सांगतो.

इथल्याच एमआयडीसीतली एक कंपनी, नाव सांगत नाही. त्यांच्या सर्व्हरवर एक प्रोग्राम रांगेतल्या ऑर्डरी उचलून डिलिव्हरी चलन छापायचा. त्याच्यावर पहारा द्यायला एक जुनी स्क्रिप्ट, कुणीतरी कंत्राटदाराने लिहून दिलेली. दर पाच मिनिटांनी ती पीएस चालवायची, पहिल्या कॉलममध्ये ठरावीक युजरचं नाव आहे का बघायची, नसेल तर ‘प्रोग्राम पडला’ असं समजून नवा सुरू करायची. युजरचं नाव सहा अक्षरांचं होतं तोवर सगळं सुरळीत. शहराचं नाव बदलल्यावर वरून सूचना आली, प्रत्येक प्लांटचं खातं शहराच्या नावाने करा. खातं झालं ‘संभाजीनगर’, रोमनमध्ये १३ अक्षरं. कंपनीतल्या मुलाने स्क्रिप्टमध्येही नाव नीट बदललं. त्याचं काही चुकलं नाही. पण पीएस आता छापत होती ‘संभाज’ आणि पुढे अधिक. स्क्रिप्ट शोधतेय पूर्ण ‘संभाजीनगर’. सापडत नाही. म्हणजे प्रोग्राम पडला. काढ नवा.

पाच मिनिटांनी आणखी एक. तासाला बारा. सगळे जिवंत, सगळे त्याच रांगेतून ऑर्डरी ओढतायत. मध्यरात्रीपर्यंत एकाच ऑर्डरची दोन-दोन, तीन-तीन चलनं निघायला लागली. गेटवर ट्रक उभे, ड्रायव्हरच्या हातात एकाच मालाचे दोन कागद, सुपरवायझर म्हणतोय माल आधीच गेलाय. पहाटे मेमरी संपली आणि सर्व्हर आडवा. मला फोन आला तेव्हा सगळ्यांचा संशय प्रिंटरवर होता. प्रिंटर बदलूनही झाला होता! दुसऱ्या रात्री मी स्क्रिप्टचं आउटपुट फाइलमध्ये पाठवलं आणि ते अधिकचं चिन्ह दिसलं. दुरुस्ती एका ओळीची. पीएसला सांगायचं की युजरचा कॉलम ३२ चा धर. ओ या पर्यायात कॉलमच्या नावापुढे विसर्गासारखं चिन्ह देऊन आकडा टाकता येतो. खरं तर पीग्रेपला युजरचं नाव देणं जास्त चांगलं, ती छापील कॉलम बघतच नाही. आता तिथे सिस्टिमडी आहे आणि पहारा तोच देतो.

त्या अधिकच्या चिन्हाला लोक शिव्या देतात. मला ते आवडतं. मोडीतल्या दोन दंडांचं काम ते करतंय. स्क्रिप्टला ते वाचता आलं नाही, पण मला आलं. ते नसतं तर तिसरी रात्र गेली असती.

फाइलच्या नावांचाही असाच इतिहास आहे, झटकन सांगतो. सुरुवातीच्या युनिक्समध्ये डिरेक्टरीतली नोंद १६ बाइटांची: २ बाइट आयनोडच्या क्रमांकाचे, १४ नावाचे. पंधरावं अक्षर दिलंत तर ते निमूटपणे टाकून द्यायचं. १९८३ मध्ये ४.२ बीएसडीने मर्यादा २५५ वर नेली. मग १९८८ मध्ये पॉसिक्सचं प्रमाण लिहिताना समितीसमोर प्रश्न आला, की लांब नाव आलं तर कापायचं की एरर द्यायची? त्यांनी दोन्ही चालेल असं ठरवलं आणि सिस्टीमने आपण कुठल्या पंथाचे ते विचारल्यावर सांगायचं, एवढंच बंधन घातलं. मला विचाराल तर एरर. दरवेळी एरर. माझ्या टीममधले काही जण म्हणतात, एररने रात्रीचा बॅकअप थांबण्यापेक्षा एक नाव तुटलेलं परवडलं. त्यांच्याशी माझा हा वाद चालू आहे.

आता आपल्या लिपीकडे. इथे कात्री दुहेरी चालते.

‘छत्रपती संभाजीनगर’ देवनागरीत लिहिताना कॉम्प्युटर किती खुणा मोजतो? छ, त, हलन्त, र, प, त, दीर्घ वेलांटी, अशा सात. मग स्पेस. मग स, अनुस्वार, भ, काना, ज, वेलांटी, न, ग, र, अशा नऊ. एकूण १७. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची संकेतपद्धती होती, १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. तिच्यात प्रत्येक खुणेला एक बाइट. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट तंत्रज्ञान, ज्याची सुरुवात आयआयटी कानपूरला झाली होती, याच घरातलं. पीसीत एक कार्ड बसवायचं आणि डॉसच्या साध्या पडद्यावर मराठी उमटायचं. त्या हिशोबात आपलं शहर १७ बाइटांत बसतं. २० च्या कॉलममध्ये तीन उरतात.

सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, टेबलावरच्या कागदावर यूटीएफ-८ ची रचना मांडली. आज सगळं जग त्यावर चालतं. त्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन. म्हणजे १६ त्रिक ४८ आणि स्पेसचा एक, झाले ४९. नाव तेच, खुणा त्याच, पण १७ चे ४९. ज्या डेटाबेसमध्ये कॉलमची लांबी बाइटांत मोजली जाते तिथे हा जुना डेटा युनिकोडमध्ये आणला की शब्द मधूनच कापले जाणार हे ठरलेलंच.

आणि कसे कापले जाणार? २० बाइटांवर कात्री चालवा. सहा खुणांचे १८ बाइट होतात, ‘छत्रपत’. उरले दोन, आणि वेलांटीला लागतात तीन. दोन-तृतीयांश वेलांटी! पडद्यावर काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह येतं. बाइटांऐवजी खुणा मोजून तीनवर कापलंत तर हाती येतं ‘छत्’, पाय मोडका त. ‘संभाजी’ एका खुणेवर कापलंत तर अनुस्वार गळून नुसता ‘स’. म्हणजे बाइट मोजून भागत नाही आणि युनिकोडच्या खुणा मोजूनही भागत नाही. शाळेत बाईंनी शिकवलेलं अक्षर मोजावं लागतं, आणि ते मोजायला बहुतेक जुन्या कमांड्सना येत नाही. ग्नूच्या कट या कमांडला कॅरेक्टरसाठी वेगळा पर्याय आहे, पण वर्षानुवर्षं तिचं मॅन्युअल स्वतःच सांगत आलंय की सध्या तो बाइटांच्या पर्यायासारखाच वागतो. ऑकमध्येही भाऊबंदकी. ग्नू ऑक यूटीएफ-८ च्या वातावरणात खुणा मोजते. एमऑक, जी उबंटूसारख्या ठिकाणी सुरुवातीला तीच असते, ती बाइट मोजत आलीय. एकाच ओळीची स्क्रिप्ट, दोन सर्व्हर, दोन उत्तरं.

यूटीएफ-८ करणाऱ्यांना दोष देता येत नाही, उलट त्यांनी सोय करून ठेवलीय. प्रत्येक मधला बाइट ‘मी मधला आहे’ असं आपल्या पहिल्या दोन बिटांत सांगतो. कापणाऱ्याने एक-दोन पावलं मागे सरकून पाहिलं तर निदान अर्धी वेलांटी तरी तुटणार नाही. बघत नाहीत, हा प्रश्न.

अलर्टचे एसएमएस मराठीत पाठवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्या. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजीची अक्षरं सात-सात बिटांत भरून १६० बसतात. मजकुरात एक जरी देवनागरी खूण आली की पूर्ण मेसेज दोन बाइटांच्या हिशोबात जातो, आणि मर्यादा ७० वर येते. नुसतं शहराचं नाव लिहिलं की १७ संपले. ‘सर्व्हर बंद’ हे शेवटी लिहू नका, पहिल्या शब्दात लिहा.

सिस्टीमवाल्यांना हे सगळं आपल्या खोलीतलं भांडण वाटतं, म्हणून एक मोठं उदाहरण. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याकडे प्रयोगशाळांकडून कोविड चाचण्यांच्या फाइली यायच्या. त्या ज्या एक्सेल साच्यात ओढल्या जात होत्या तो जुन्या फाइल प्रकाराचा होता, ज्यात एका पानावर ६५,५३६ ओळी मावतात. नव्या प्रकारात दहा लाखांवर मावतात. पान भरलं, पुढच्या ओळी आल्याच नाहीत. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ पॉझिटिव्ह रुग्ण रोजच्या आकड्यातून सुटले. रुग्णांना स्वतःचा निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधून सांगण्याचं काम उशिरा सुरू झालं. ज्यांना ‘घरात थांबा’ असा फोन यायला हवा होता ते तोवर बसमध्ये, कामावर, नातेवाइकांकडे. फाइल उघडणाऱ्याला मात्र व्यवस्थित भरलेलं पान दिसत होतं. आपल्या ‘छत्रपती संभाजी’सारखंच.

मग करायचं काय? श्रोत्यांपैकी बरेच जण स्क्रिप्टच्या सुरुवातीला कॉलम्स नावाचं एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल पाचशे-हजारावर लावून मोकळे होतात. रात्री दोनला, अंगावर आलेलं असताना, ठीक आहे. पण ते कापड मोठं करणं झालं, कात्री तिथेच आहे. मुळात गडबड अशी, की माणसाने वाचायला सजवलेला तक्ता आपण मशीनला वाचायला देतो. जवळपास प्रत्येक कमांडने मशीनसाठी वेगळं दार ठेवलेलं असतं, ते शोधायचं. डेबियनवर पॅकेजांची यादी डीपीकेजी डॅश एलने काढली तर तो माणसासाठीचा तक्ता, आणि जुन्या आवृत्त्यांत त्यात नावं तुटतात. डीपीकेजी-क्वेरीला डब्ल्यू देऊन घेतली तर पूर्ण. सिस्टिमसीटीएलचं स्टेटस वाचू नका, त्यालाच इझ-अ‍ॅक्टिव्ह किंवा शो म्हणून विचारा. स्टेटसचं एक बरं आहे, ओळी कापल्या की खाली ‘काही ओळी आखडल्यात, पूर्ण हव्या तर डॅश एल द्या’ असं स्वतःहून सांगायचं. डॉकर ६४ अक्षरांच्या कंटेनर आयडीतली १२ च दाखवतो. नो-ट्रंक असा सरळ पर्याय आहे. पीग्रेप प्रोसेसच्या नावाची पहिली १५ च अक्षरं बघते, कारण कर्नल तेवढीच ठेवतो. पूर्ण कमांडमध्ये शोधायचं तर डॅश एफ. लास्टला डब्ल्यू द्या, नाहीतर कोण आलं-गेलं त्यांची लांब नावं अर्धीच मिळतील.

विंडोजवाल्यांनी हसू नये. पॉवरशेलमध्ये पाइपातून मजकूर नाही तर आख्खे ऑब्जेक्ट जातात, ही सुंदर कल्पना. पण मध्येच फॉरमॅट-टेबल घातलं की संपलं, पुढे जातो तो सजवलेला तक्ता, तीन टिंबांसकट. फॉरमॅट नेहमी सगळ्यात शेवटी, आणि फाइलमध्ये जायचं असेल तर एक्सपोर्ट-सीएसव्ही. शिवाय तिथे एक छुपा आकडा आहे: यादीतल्या पहिल्या चारच गोष्टी दाखवायच्या, पुढे टिंबं. एका ग्रुपमधले युजर चारच कसे, असा प्रश्न मला तीन वेगवेगळ्या लोकांनी विचारलाय. मायएसक्यूएलने आपलं धोरण बदललं, हे सांगायला हवं. पूर्वी लांब मजकूर कॉलममध्ये मावेल तेवढा भरून एक वॉर्निंग दिली जायची, जी कुणी वाचत नसे. २०१५ च्या ५.७ पासून सुरुवातीपासूनच कडक मोड, म्हणजे सरळ एरर. त्या काळात अपग्रेड केल्यावर ‘डेटाबेस बिघडला’ म्हणून आरडाओरडा करणारे लोक होते. डेटाबेस तोंड उघडायला लागला होता, एवढंच.

जाता जाता रेल्वेचं. स्टेशनांना आखूड कोड दिले ते तारयंत्राच्या काळात, कारण प्रत्येक स्टेशनचं पूर्ण नाव तारेने खटखटवत बसणं परवडणारं नव्हतं. ही काटछाट फार शहाणी होती: नाव कुठेतरी पूर्ण लिहून ठेवलेलं, आणि कामापुरती एक वेगळी, ठरवून दिलेली, कुणाशी गल्लत न होणारी खूण. नाव कितीही लांबलं तरी खुणेला त्याचं ओझं नाही. मुंबईचं व्हीटी १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं तेव्हा कोड आला सीएसटीएम. २०१७ मध्ये नावात ‘महाराज’ जोडलं गेलं आणि कोड झाला सीएसएमटी. नाव लांबलं, कोड चारच अक्षरांचा राहिला. आपलं स्टेशन, दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागातलं, कित्येक वर्षं एडब्ल्यूबी होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टेशनचंही नाव बदललं. रोमनमधली २५ अक्षरं आता कोडमध्ये चार झाली आहेत: सीपीएसएन. तुमच्या स्क्रिप्टमध्ये कुठे तीन अक्षरांचा कोड गृहीत धरलेला असेल, तर आजच शोधून ठेवा.